पुसू नये

बांगडीला एक भोक. शर्टाला किती? लोक चार म्हणतात. गणितात तीन धरतात.

*

पुण्यात बाणेरच्या त्या कचेरीत दर मंगळवारी डेमो असतो. उपम्यात काजू फक्त त्या दिवशी.

*

काळ्या ओढणीवर पांढरा पंजा. खडूचा. धुतल्यावरही अंधूक दिसतो.

*

"मॅडम, मी परत उभी राहू का?"

*

तक्त्यातली एक ओळ. नाव काढून टाकलेलं. फळ्यावरचे तास: भरपूर. शेवटचा रकाना: शून्य.

*

अमरावतीच्या एका गणित विभागात फळ्याशेजारी पाटी आहे: 'पुसू नये'. खाली कुणीतरी बारीक अक्षरात विचारलंय, 'कधीच?' त्याखाली वेगळ्या अक्षरात उत्तर आहे, 'कधीच.'

*

धानोरकर मॅडम दिवसा फोन करत नाहीत. दिवस कामाचा आणि फोन जेवणानंतरचा, असं त्यांचं आहे. त्यामुळे ऐन डेमोच्या तोंडावर त्यांचं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा शलाका मोहोडने उपम्याची बशी खाली ठेवली. ती काचेच्या खोलीतून बाहेर आली.

"हां मॅडम, बोला."

"कामात आहेस का?"

"नाही, बोला ना."

"खोटं नको बोलू, मागे माणसं ऐकू येताहेत. लवकर सांगते. आपल्या आचलचा कौल आला. नाही म्हणतो."

आचल सोनोने ही मॅडमची एमएस्सीची विद्यार्थिनी. पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त होणार होत्या. त्याआधी घेतलेली ही शेवटची. शलाका तिला कधी भेटली नव्हती, पण गेलं वर्षभर प्रत्येक फोनमध्ये ती होती. आचलने हे विचारलं, आचल तिथे अडली, आचलने परवा मला गप्प केलं.

"मी समजावलं तिला," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, हे यंत्र शलाकानं केलंय. ती पायरी गाळत नाही. ते नाही म्हणतंय म्हणजे त्याला काहीतरी दिसलं असेल, जे मला मायेपोटी दिसत नाही. बी.एड.चा अर्ज भर म्हटलं."

"मॅडम..."

"रडली नाही गं. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणून विचारते, तुझ्या यंत्राला काय दिसलं ते कळेल का? तिला सुधारता येण्यासारखं काही असेल तर. तक्रार नाही हं."

आत निनादने काचेवर टकटक केलं. निनाद पेंडसे, शलाकाचा वरिष्ठ. त्याने हाताने उपमा खायची खूण केली.

"बघते मॅडम," शलाका म्हणाली.

'तक्रार नाही हं' हे तीन शब्द दिवसभर तिच्या कानात राहिले.

*

सिद्धता तपासायला, आणि बऱ्याचशा रचायलाही यंत्रं आली, तेव्हापासून शुद्ध गणिताला माणसं कशाला, असं जो तो विचारू लागला होता. शिष्यवृत्तीच्या जागा आटत आटत मूठभर उरल्या. मग त्या देणाऱ्या मंडळाने ठरवलं, की ज्याला द्यायची तो गणितात टिकणारा तरी असावा. अर्ध्यात सोडून कंपनीत पळणारा नको. पण टिकेल कोण, हे आधी कसं ओळखायचं?

त्यासाठी 'कौल'. शलाकाच्या गटाने केलेला.

तो काय करतो, हे ती नवख्यांना पापडांवरून सांगे. समजा, गच्चीवर पापड वाळत घातलेत, एकमेकांपासून दूर दूर. आता प्रत्येक पापड सावकाश मोठा होतोय. शेजारचे दोन टेकले. आणखी टेकले. कुठेतरी मधली जागा चहूबाजूंनी घेरली गेली: एक भोक. पापड आणखी पसरले, भोक बुजलं. काही भोकं उगवतात आणि लगेच बुजतात, ती योगायोगाची. काही बराच वेळ टिकतात, ती खरी. म्हणजे कुणीतरी पापड रिंगणात मांडले होते.

फळ्यासमोरच्या माणसाचा खडूही असेच ठिपके टाकत असतो. हात कुठे आहे, किती वेळ थांबला, काय पुसलं, मान कुठल्या जुन्या ओळीकडे वळली. प्रत्येक क्षणाचा एक ठिपका. फरक एवढाच, की गच्चीला दोन दिशा असतात आणि या जागेला शंभरेक. सरळ लिहीत सुटणाऱ्याचे ठिपके दोरीसारखे पडतात. अडलेला माणूस एका जुन्या ओळीकडे पुन्हा पुन्हा येतो. त्याचं रिंगण होतं. त्या रिंगणातलं भोक किती टिकाऊ, ते मोजायची रीत शलाकाच्या प्रबंधात होती. ठिपके थोडे इकडेतिकडे हलले तरी ते माप फारसं हलत नाही, हे प्रमेय तिचं आणि धानोरकर मॅडमचं, दोघींचं.

चित्रण आयतंच होतं. महासाथीच्या वर्षांत ऑनलाइन वर्गांसाठी फळ्यांसमोर कॅमेरे बसले, ते कुणी काढलेच नाहीत. विद्यापीठांनी जुनी चित्रणं दिली. नावं काढली, चेहरे धूसर केले. धानोरकर मॅडमनी आपल्या गुरुवारच्या बैठकींचं सगळं दिलं. "विचारतेस काय," म्हणाल्या, "तुझंच आहे."

मग यंत्राला शिकवायला एकच गोष्ट लागत होती: यातलं पुढे कोण टिकलं. ते ठरवायला व्याख्या हवी.

शलाकाने व्याख्या केली. फळ्यावरच्या त्या तासानंतर दहा वर्षांनी जी व्यक्ती एखाद्या गणित विभागात संशोधक म्हणून नोंदलेली आहे ती टिकली, तिला एक. बाकी सगळ्यांना शून्य.

ही व्याख्या तिने फार विचार करून केली.

वरची ओळ चूक आहे. तिने व्याख्या चहाच्या आधी केली आणि चहाला गेली. ओळ राहू दे.

गणितात वाढलेल्या माणसाला तेवढं पुरतं. तिथे व्याख्या कधी चूक नसते. कुणी म्हणालं, 'समजा, अशा अशा वस्तूला आपण गोल म्हणू', तर का म्हणू असं कुणी विचारत नाही. गोल म्हणून पुढे काय निघतं ते बघतात. चूक होते ती पुढच्या पायऱ्यांत. शलाकाने पुढची प्रत्येक पायरी तीन तीनदा तपासली. पहिली पायरी तपासायची असते, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

*

ती या धंद्यात आली कशी, ते थोडक्यात.

पीएच.डी. झाली. मॅडमबरोबर पुढचा प्रश्न धरला. दर गुरुवारी फळ्यासमोर उभं राहायचं, हातात कागद न घेता. मॅडमचा नियम एकच: चुकलेली ओळ पुसायची नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी चौकटीत आपल्या नावाचं पहिलं अक्षर घालायचं, आणि खाली पुढे लिहायचं. ज्याची चूक त्याचं अक्षर. "चुकून कुठवर आलो ते दिसायला पाहिजे," मॅडम म्हणत. संध्याकाळपर्यंत फळा रेघा आणि चौकटींनी भरून जाई. बाहेरचे प्राध्यापक बघून हसत.

एक ओळ वर्षभर धरून बसायची आणि ती बरोबर की चूक हे कुणीच सांगू शकत नाही, हे तिला सोसेना. पुण्यातल्या मुलाखतीत निनादने विचारलं, "भोकं मोजून काय होतं?"

"आकार कळतो."

"ग्राहकाचा?"

"कशाचाही."

"आमच्याकडे प्रमेय वगैरे नसतं हां. मंगळवारी डेमो असतो."

सुरुवातीचे कित्येक महिने तिने एकही भोक मोजलं नाही. रिकामे रकाने भरले. दोनदा नोंदलेली माणसं एक केली. काम म्हणजे बहुतेक झाडलोट होती, आणि ती तिला आवडली. सकाळी लिहिलेलं दुपारी तपासून मिळे. खाली आकडा येई, आणि तो कालच्यापेक्षा चांगला असे. अमरावतीत प्रमेय सिद्ध झालं की जगात तिघा-चौघांना कळायचं. इथे मंगळवारी अख्खी खोली टाळ्या वाजवी.

जाताना ती मॅडमना नीट सांगून गेली.

ही ओळही चूक. शेवटच्या गुरुवारी मॅडम चहा सांगायला बाहेर गेल्या होत्या. शलाकाने एक ओळ लिहिली, तिच्याकडे बघत राहिली, आणि पाण्याच्या बाटलीने तळवा ओला करून अख्खा फळा पुसून टाकला. बैठक चालू असताना त्या फळ्यावर असं पहिल्यांदाच झालं. हात ओढणीला पुसला. मॅडम परत आल्या तेव्हा फळा काळाभोर, ओला.

"चूक होती," शलाका म्हणाली.

"मग दिसू द्यायची ना," मॅडम म्हणाल्या, आणि चहाचा पेला तिच्यासमोर ठेवला. त्या आठवड्यात ती पुण्याला गेली. फोनवर कळवलं.

*

डेमो संपल्यावर शलाकाने आचलचा निकाल उघडला.

कौल नुसतं हो-नाही सांगत नाही. खोदून विचारलं तर हेही सांगतो, की या निर्णयाकडे त्याला शिकवणीतल्या कुठल्या जुन्या माणसांनी ओढलं. तुला नाही म्हणताना मला हे हे आठवले, असं म्हणा. प्रत्येकाची ओढ कमी-जास्त असते.

आचलच्या बाबतीत सगळ्यात मोठी ओढ तक्त्यातल्या एकाच ओळीची, म्हणजे एकाच माणसाची होती. नाव नाही, नुसता क्रमांक. शेवटच्या रकान्यात शून्य. दुसरी ओढ तिच्या निम्मी, तिथेही शून्य.

तिने पहिलीचं चित्रण लावलं. धूसर चेहरा, मागे फळा, रेघा, चौकटी. मधल्या रेघेने कापलेला सातचा आकडा. असा सात आपण काढतो, एवढं तिच्या मनात येईतो पडद्यावरच्या बाईने बाटली उचलली, तळवा ओला केला आणि फळा पुसला.

शलाकाने चित्रण थांबवलं.

मग आचलचं लावलं. आखूड केसांची, किडकिडीत मुलगी. लिहिते, थांबते, मान तिरकी करून वरच्या ओळीकडे जाते, परत येते. चुकली. आडवी रेघ. शेजारी चौकट, चौकटीत 'आ'.

यंत्राला काय दिसलं, हे कळायला आणखी काही लागलं नाही. धानोरकर मॅडमच्या फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुली गावोगावच्या होत्या. कुणी शाळेत लागली, कुणी ज्युनिअर कॉलेजात, एक बाणेरला. संशोधक म्हणून नोंद जवळजवळ कुणाचीच नाही. सगळ्यांना शून्य. आणि त्या सगळ्या रेघ मारून पुढे जाणाऱ्या, जुन्या ओळीकडे परत परत येणाऱ्या. कौलाने सरळ हिशेब केला: असं करणारे टिकत नाहीत. त्यातही सगळ्यात मोठी रिंगणं शलाकाची, म्हणून सगळ्यात मोठी ओढ तिची.

कौल चुकला होता.

चूक. कौल चुकला नव्हता. त्याला जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या ओळीचं चित्रण उघडलं तर चौकटीत 'हे' होतं. हेमलता गावंडे. बरोबरच पीएच.डी. केलेली, डब्यात कायम ठेचा आणणारी. लग्नानंतर कुठे गेली, शलाकाला माहीत नव्हतं. कधी विचारलंही नव्हतं.

*

"मग सोपंय की," निनाद म्हणाला. "स्वतःला एक लाव."

"मी गणितात नाहीये निनाद."

"कोण म्हणतं? या मजल्यावर तुझ्याएवढं गणित कोण करतं? मी तर टक्केवारीसुद्धा यंत्राला विचारतो. लावून तर बघ."

तिने लावला. एका रकान्यात शून्याच्या जागी एक. यंत्र पुन्हा शिकवलं, आचलला पुन्हा उभं केलं. कौल म्हणाला, हो.

"झालं," निनाद म्हणाला. "शंका आल्यामुळे एका उमेदवाराची फेरतपासणी केली, असं कळवू मंडळाला. गाजावाजा नको. पोरीची सोय, तुझ्या मॅडम खूश."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"ज्यांना कुणाला माझ्यामुळे नाही आलं."

निनादने खुर्ची तिच्याकडे वळवली. एरवी चेष्टा करणारा माणूस, आता हळू बोलला. "हे बघ. उद्या तू म्हणालीस की व्याख्याच चुकली, तर मंडळ कौल बंद करेल. गट मोडेल. त्यात सहा पोरं आहेत, तुझ्या भरवशावर आलेली. आणि त्या मुलीला तरी काय मिळेल? चौकशी. आत्ता तिच्या हातात हो आहे."

हे सगळं खरं होतं. हो पाठवला गेला. शलाकाने रजा टाकली आणि अमरावतीला निघाली. महामार्गावर गाडी स्वतःच चालत होती, त्यामुळे तिला विचार करायला भरपूर वेळ होता. तिने तो झोपेत घालवला.

*

"एवढ्या उन्हात काहून आलीस?" मॅडम म्हणाल्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. कूलरसमोरची खुर्ची त्यांनी शलाकाला दिली. "आणि काही खाल्लं का? हिला गिलावडा आणायला पाठवते."

"ही म्हणजे मी," आचल दारातून म्हणाली. "मॅडम मले नाव घेऊन बोलवत नाहीत जी. नुसतं 'ही'."

"आचल, कौल हो आलाय तुझा," शलाका म्हणाली. "फेरतपासणीत."

आचल तिथेच उभी राहिली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बघ," त्या आचलला म्हणाल्या. "मी म्हटलं होतं ना, ती पायरी गाळत नाही."

शलाकाने मान खाली घातली. ओढणीच्या टोकाशी खेळत तिने विचारलं, "तू ही रेघ आणि चौकट मॅडमकडून शिकलीस ना?"

"नाही जी. ते तर आधीपासूनचं. दर्यापूरला अकरावीत शिकली मी. हेमलता मॅडमकडं."

"हेमलता गावंडे?"

"हो. वर्गात डस्टरच नाही ठेवत त्या. आमचे सगळे असंच करतात. इंजिनिअरिंगला गेलेलेसुद्धा. तिथले सर रागावतात म्हणे."

"तिनंच पाठवली हिला माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. "तुला नाही सांगितलं का मी? दर वर्षी एखादी पाठवते हेमा."

दहा वर्षांनी नोंद नाही. शून्य. दुसरी ओढ.

कूलरचा आवाज खूप मोठा वाटायला लागला. आचल आता खरोखर हसत होती, आणि हसता हसता तिला काहीतरी सुचलं.

"मॅडम, अजून दोघी होत्या आमच्या. हेमलता मॅडमच्याच. एक नांदेडहून बसली कौलाला, एक अकोल्याहून. त्यांनाही नाही आला होता. मले हो आला म्हणजे त्यांनाही आला असेल ना आता?"

शलाकाने फळ्याकडे बघितलं. रेघा, चौकटी, 'आ', 'आ', मधेच एक 'धा'. मॅडमही अजून चुकत होत्या.

"नसेल आला," ती म्हणाली.

"काहून? त्यांची तपासणी नाही केली का?"

"मी फक्त तुझी केली."

"काहून?"

हा 'काहून' साधा होता, आकाशाचा रंग निळा का असं विचारावं तसा. त्यामागे आरोप नव्हता. मॅडम शलाकाकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा परत काढला, पण या वेळी पुसला नाही.

"शलाका," त्या म्हणाल्या, "कुठली ओळ पुसलीस?"

*

पुढच्या मंगळवारी डेमोला मंडळाचे लोक पडद्यावर होते. उपम्यात काजू होते. शलाकाने पडदा बंद न करता शेजारच्या पांढऱ्या फळ्यावर कौलाची व्याख्या लिहिली, तीच, शब्दही न बदलता. तिच्यावर आडवी रेघ मारली. शेजारी चौकट काढली आणि त्यात 'श' लिहिला.

मग सांगितलं. गणितात कोण टिकलं हे ठरवताना तिने नोंद कुठे आहे ते मोजलं. गणित कुणामार्फत पुढे गेलं ते मोजलंच नाही. ज्यांना शून्य दिलं त्यातली एक दर्यापूरला वर्गच्या वर्ग घडवते आहे, आणि तिच्या हाताखालून आलेल्या मुलींना यंत्र तिच्याच सवयीमुळे नाकारतं आहे. एका निकालासाठी तिने एक आकडा गुपचूप बदलला, तो कुठला, तेही सांगितलं.

"बरोबर व्याख्या मग काय?" मंडळातल्या एका बाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही," शलाका म्हणाली. "म्हणून ही पुसली नाही. पुढच्याला दिसू दे."

निनादने टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले होते. खोलीच्या मागच्या बाजूला तिच्या गटातली सहा पोरं उभी होती. त्यांतला कुणीच तिच्याकडे बघत नव्हता.

दुपारी मंडळाचं उत्तर आलं. कौल स्थगित. त्याचे या वर्षीचे सर्व निकाल स्थगित, हो आणि नाही दोन्ही. चौकशी होईपर्यंत शिष्यवृत्त्या कुणालाच नाहीत.

गट महिन्याभरात मोडला. दोघांना दुसरीकडे घेतलं, चौघांना नाही. त्यांतल्या एका मुलीने, जी कोकणातून गणित सोडून शलाकाचं बघून इकडे आली होती, जाताना तिला विचारलं, "मॅडम, आता मला काय म्हणायचं? शून्य?" आणि हसली. तिचं हसणं चांगलं होतं, त्यामुळे आणखी लागलं.

*

"मले विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं," आचल म्हणाली. अमरावतीला, गुरुवारी, त्याच खोलीत. ती आता दर्यापूरला तासिका तत्त्वावर शिकवत होती, हेमलताच्या शेजारच्या वर्गात. गुरुवारी सुट्टी घेऊन बसने इथे येई. कुठल्याही व्याख्येने बघितलं तरी संशोधक नव्हती. "खोडा म्हटलं असतं. त्या दोघींना नाही तर मलाही नको. पण विचारायला पाहिजे होतं तुम्ही."

"हो," शलाका म्हणाली.

"माझा होता ना तो हो."

"हो."

मॅडम मधे पडल्या नाहीत. एरवी त्या दोघींपैकी कुणाला तरी सांभाळून घेत. आज खिडकीकडे बघत राहिल्या. निवृत्तीनंतरही विभागाने त्यांना ही खोली गुरुवारपुरती ठेवू दिली होती; पाटीसकट.

शलाका आता काय करत होती, तर सकाळी अमरावतीतल्याच एका छोट्या कंपनीत रकाने भरत होती, आणि गुरुवारी इथे येत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. जा म्हणूनही कुणी सांगितलं नव्हतं. ती भिंतीशी बसायची, फळ्यापासून लांब.

"मॅडम, मी परत उभी राहू का?" आचलने विचारलं. मागच्या गुरुवारी ती एका ओळीवर अडली होती. धानोरकर मॅडमनी मानेने हो म्हटलं.

आचलने पिशवीतून फोन काढला. "आज तिथून नाही, इथून सुरू करते. मॅडमनी कौलाला दिलेल्या जुन्या चित्रणात सापडली." तिने फोनवर बघत एक ओळ फळ्यावर लिहिली. हळूहळू, एकेक चिन्ह. मधल्या रेघेने कापलेला सातसुद्धा तसाच काढला. मग खडू ठेवून मागे सरकली.

शलाकाने ओळ ओळखली. हात आपोआप ओढणीकडे गेला.

"ही कोणाची आहे जी?" आचलने विचारलं. "याच्यानंतर लगेच फळा पुसलाय. काहून पुसला?"

"चूक होती," शलाका म्हणाली.

"कुठं?"

शलाका उठली. फळ्याजवळ गेली. डावीकडून वाचत आली, उजवीकडे पोहोचली, परत डावीकडे गेली. खडू हातात घेतला. रेघ मारायला हात उचलला आणि तिथेच धरून ठेवला. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. खाली कुठेतरी चहावाला विचारत होता, वर किती पाठवू.

"दाखवा ना," आचल म्हणाली. "कुठं चूक आहे?"

*

पुण्याला जाण्याआधी शेवटच्या गुरुवारी शलाका मोहोडने ओल्या तळव्याने पुसलेली ओळ बरोबर होती.